शांघायच्या कार्डाची बाकी आणि ‘स्कोअर’चं भूत

प्रश्न : मी पुण्याचा. 2017 ते 2020 शांघायला नोकरीला होतो. कोविडमध्ये घाईघाईत परतलो आणि तिथल्या एका बँकेच्या क्रेडिट कार्डाचे 1,860 युआन भरायचे राहून गेले. आता कंपनी पुन्हा तिकडेच पाठवतेय आणि थकबाकीची नोंद झाल्याचा बँकेचा ईमेल आलाय. जुना सहकारी म्हणतो, “तुझा सोशल क्रेडिट स्कोअर पडला, रेल्वेतही बसू देणार नाहीत.” ऑफिसात हजेरीसाठी बोटाचा ठसा द्यायचो, तोही त्यात गेला असेल का? सगळी माहिती पुसून टाकायला सांगता येईल?

उत्तर : आधी ते भूत उतरवू. ‘सोशल क्रेडिट स्कोअर’ म्हणजे सरकार प्रत्येकाला वागणुकीवरून गुण देतं, अशी समजूत. पण चीनमध्ये प्रत्येक माणसाला देशभर लागू होणारा असा एकच स्कोअर नाही. विमान आणि वेगवान रेल्वे बंद होते ती न्यायालयाच्या आदेशाने, निकाल लागूनही पैसे न देणाऱ्यांची. तुमच्यावर दावा झालाय का, एवढं बँकेला लेखी विचारा. हे मात्र खरंच विचारा, कारण दिवाणी खटला अडकलेला असेल तर परदेशी माणसाला देश सोडण्यापासून न्यायालय रोखू शकतं.

तुमची नोंद आहे ती चीनच्या मध्यवर्ती बँकेच्या पतनोंद केंद्रात, म्हणजे कोणी कर्ज कसं फेडलं याच्या नोंदी ठेवणाऱ्या केंद्रात. तिला 2013 चे पतमाहिती नियम लागू होतात आणि जोडीला 1 नोव्हेंबर 2021 पासूनचा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. या कायद्याने स्वतःची माहिती पाहण्याचा, तिची प्रत घेण्याचा आणि चूक दुरुस्त करून मागण्याचा हक्क दिलाय. पुसून मागण्याचाही दिलाय, पण कायद्याने ठरवलेली मुदत संपेपर्यंत तो चालत नाही. खरी मेख या मुदतीतच आहे. वाईट नोंद पाच वर्षं राहते, पण ती पाच वर्षं मोजायची थकबाकी मिटल्या दिवसापासून. 2020 पासून तेवढा काळ उलटला म्हणून तुम्ही निश्चिंत असाल, तर तुमचं घड्याळ अजून सुरूच झालेलं नाही. म्हणून आधी व्याजासकट पैसे भरा, पावती आणि खातं बंद झाल्याचं पत्र घ्या. वाद नंतर घाला.

वादाला जागा आहे. प्रतिकूल माहिती पुढे पाठवण्याआधी बँकेने तुम्हाला कळवायला हवं होतं. तो निरोप तुमच्या बंद पडलेल्या चिनी मोबाईलवर गेला असेल, तर बँक म्हणेल, नंबर बदलल्याचं तुम्ही कुठे सांगितलंत? त्यामुळे फार आशा धरू नका. रक्कम किंवा तारीख चुकली असेल तर मात्र केंद्राकडे किंवा बँकेकडे हरकत नोंदवा. त्यांना 20 दिवसांत तपासून लेखी उत्तर द्यावं लागतं. तरीही जमलं नाही तर मध्यवर्ती बँकेच्या स्थानिक शाखेत तक्रार किंवा थेट दावा. दाव्यासाठी वकील दिलात तर तो तिथलाच लागेल.

बोटाच्या ठशाचं म्हणाल, तर पतनोंदी ठेवणाऱ्या संस्थांना ठसे, रक्तगट, आजार, धर्म यांची माहिती गोळा करायलाच बंदी आहे. ऑफिसातला ठसा हा कंपनीशी बोलायचा विषय.

तुमच्या पतनोंदीचा अहवाल वर्षातून दोनदा फुकट मिळतो, पण तो इथून कोणाला अधिकारपत्र देऊन मागवण्याच्या फंदात पडू नका. भारत-चीनमध्ये अपोस्टिल, म्हणजे एकाच शिक्क्यावर कागद परदेशात ग्राह्य धरण्याची सोय, चालत नाही. नोटरी, परराष्ट्र मंत्रालय, मग चिनी वकिलात अशा फेऱ्या होतील. शांघायला उतरलात की स्वतः जा आणि जुना पासपोर्ट बरोबर ठेवा. मधल्या काळात नवा काढला असेल तर क्रमांक बदललाय, आणि नोंद जुन्याच क्रमांकावर असणार.