कॉलेजने धरलाय तो 2024 चा पगार

एडिसन, न्यू जर्सीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये त्यांची नोकरी गेली, पत्नीची चालू आहे. सगळ्यांकडे ग्रीन कार्ड. मुलीला खासगी कॉलेजात प्रवेश मिळालाय. वर्षाचा खर्च 62,000 डॉलर, ग्रँट (परत न करायची मदत) 18,000. सांगलीला स्वतःच्या वडिलांच्या डायलिसिससाठीही ते पैसे पाठवतात. विचारतात, "कॉलेजशी घासाघीस केली तर चालते का?"

नमस्कार. घासाघीस करू नका, हिशेब दुरुस्त करून मागा. 2026-27 च्या फॅफ्सात (कॉलेजच्या आर्थिक मदतीसाठीचा सरकारी अर्ज) 2024 चं उत्पन्न धरतात. म्हणजे तुमची ऐपत मोजली दोन पगारांवर, आणि घरात येतोय एक. अशा वेळी आकडे बदलण्याचा अधिकार कॉलेजच्या एड ऑफिसला (आर्थिक मदत ठरवणारं ऑफिस) कायद्यानेच आहे. त्याला 'प्रोफेशनल जजमेंट' म्हणतात. पण तो वापरायचा की नाही हे त्यांच्या मर्जीवर, आणि त्यांच्या निर्णयावर शिक्षण खात्याकडे दाद मागता येत नाही. म्हणून पहिलाच अर्ज पक्का हवा.

त्याआधी तुमचा फॅफ्सा उघडून बघा. 401के (नोकरीतलं निवृत्तीचं खातं) मधली शिल्लक 'गुंतवणूक' म्हणून भरली गेली आहे का? राहत्या घराची किंमत? दोन्ही तिथे धरायचीच नसतात. ही चूक फार घरांत होते, आणि ती नुसत्या दुरुस्तीने सुटते. (सीएसएस प्रोफाइल हा काही कॉलेजं मागतात तो वेगळा अर्ज. त्याचे नियम वेगळे, तिथे घराबद्दल विचारतात.)

मग ऑफिसकडून 'स्पेशल सर्कमस्टन्सेस'चा (बदललेल्या परिस्थितीचा) फॉर्म मागवा. सोबत नोकरी गेल्याचं पत्र, शेवटची पे-स्लिप, बेकारी भत्त्याचा कागद, पत्नीच्या ताज्या पे-स्लिपा. सेव्हरन्स (नोकरी जाताना कंपनीने दिलेले पैसे) मिळालं असेल तर स्वतःहून लिहा. डब्ल्यू-2 वर (कंपनी देते त्या वर्षाच्या पगाराच्या कागदावर) ते दिसणारच, आणि लपवलेलं सापडलं की बाकीच्या अर्जावरचाही विश्वास उडतो.

पत्र एका पानाचं. मुलीच्या मार्कांचं कौतुक नको, आकडे हवेत: 2024 मध्ये दोघांचं मिळून इतकं, 2026 मध्ये जानेवारी ते डिसेंबर अंदाजे इतकं, आम्ही भरू शकतो इतके, कमी पडतात इतके. तूट काढताना कर्ज आणि वर्क-स्टडी (मुलीने काम करून कमवायचे पैसे) वजा करू नका. ऑफर लेटरमध्ये 5,500 चं कर्ज आणि 2,500 चं वर्क-स्टडी धरून 'उरले 36,000' असं दाखवलेलं असतं. खरी तूट 44,000 आहे.

सांगलीचा खर्च जरूर लिहा, पण भरवसा ठेवू नका. वडील तुमच्याकडे राहत नाहीत, म्हणून फॅफ्साच्या कुटुंबसंख्येत ते येत नाहीत. हॉस्पिटलची बिलं आणि बँकेतून पैसे पाठवल्याच्या पावत्या लावल्या, तर ऑफिस विचार करू शकतं. बिलं मराठीत असतील तर इंग्रजी भाषांतर जोडा.

दुसऱ्या कॉलेजची मोठी ऑफर दाखवणं मेरिट (गुणवत्तेवरची) स्कॉलरशिप देणाऱ्या, साधारण त्याच तोलाच्या कॉलेजातच उपयोगी पडतं. आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येलसारखी आठ नामांकित विद्यापीठं) मेरिटचे पैसे नसतातच.

उत्तराला काही आठवडे लागू शकतात आणि 1 मे ही डिपॉझिटची नेहमीची मुदत. ती वाढवून आजच ईमेलवर मागा, फोनवर नको. आणि तोवर तूट भरायला 401के मधून पैसे काढू नका: साडेएकोणसाठच्या आत असाल तर कर तर आहेच, शिवाय सहसा 10 टक्के दंड, वर ती रक्कम 2028-29 च्या फॅफ्सात उत्पन्न म्हणून उभी राहील, नेमकी मुलीच्या तिसऱ्या वर्षी.