कॉलेजच्या स्टाफ व्हॉट्सॲप ग्रुपवर टोमणे सुरू झाले तर आधी काय करायचं?

मॅडम, नोकरी नवी आहे म्हणून सगळं गिळत बसू नका. पण लगेच ग्रुपवर उत्तरही देऊ नका. पुढे चौकशीत तुमचंच रागाचं वाक्य आधी वाचून दाखवतात.

पहिलं काम पुराव्याचं. स्क्रीनशॉट कापू नका. नाव, तारीख, वेळ आणि आधीचे-नंतरचे दोन-चार मेसेज दिसू द्यात. ‘एक्स्पोर्ट चॅट’ करून ती फाइल स्वतःच्या ईमेलवर पाठवा, कॉलेजच्या नको. ग्रुप सोडायचा तो त्यानंतर. मूळ चॅट पुसू नका, फोनही बदलू नका. बहुतेक जणी इथेच चुकतात: वैतागून डिलीट करतात, मग हातात काहीच उरत नाही.

दुसरं, प्रकार ओळखा. ‘तुमचा पेपर फालतू आहे’ हा उद्धटपणा. तो लेखी प्राचार्यांकडे किंवा तक्रार निवारण समितीकडे. कपडे, शरीर, ‘कोणाला खूश करून नेमणूक मिळवली’ असले लैंगिक शेरे मात्र कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली अंतर्गत समितीकडे, म्हणजे अशा तक्रारींसाठीच्या कॉलेजमधल्या समितीकडे, जातात. शेरा ऑनलाइन होता, कॉलेजबाहेर होता, ही सबब ऐकून गप्प बसू नका.

अंतर्गत समितीकडे तक्रारीची मुदत शेवटच्या घटनेपासून ३ महिने. सबळ कारण असेल तर समिती आणखी ३ महिने देऊ शकते, पण त्या भरवशावर राहू नका. अर्ज लेखी, ६ प्रती, सोबत कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं. पोच घ्याच. ‘चहा घेऊन मिटवू’ म्हणणारे ज्येष्ठ सहकारी हमखास भेटतील. तोवर तारखा निघून जातात.

पोलीस, सायबर कलमं वगैरे नंतर बघू. मात्र धमकी किंवा फोटोत फेरफार असेल तर थांबू नका.