फ्लोरिडातल्या लिलावाची शिल्लक

अरे, लिलावातली शिल्लक मिळवून देतो म्हणून टक्केवारी मागणाऱ्या त्या एजंटला आधी थांबव. काकांचा प्लॉट थकलेल्या करापायी लिलावात गेला, तरी कर आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम बुडत नाही. ती सर्किट कोर्टाच्या (तिथल्या स्थानिक कोर्टाच्या) क्लर्ककडे, म्हणजे नोंदी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे असते. दावा तूच करू शकतोस. सरकारी बोजे आधी फिटतात, हे मात्र धरून चल. क्लर्कची नोटीस निघाली की १२० दिवसांच्या आत अर्ज टाक. काका आता नाहीत, म्हणजे वारसाचे कागद लागणार. खरा वेळ तिथेच जातो, आजच सुरुवात कर.

कुणी ‘काउंटी (तिथला जिल्हा) पैसे ठेवून घेते’ म्हणालं तर सांग: मिनेसोटात १५,००० डॉलरच्या थकबाकीपायी एक कॉन्डो (फ्लॅट) ४०,०००ला विकून काउंटीने सगळेच ठेवले होते. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ते एकमताने चूक ठरवलं.