डाउनलोड फोल्डरमध्ये हजारो फाइली साचल्या आहेत, आवरायला सुरुवात कुठून करू?

यवतमाळकडचं गाव, घरात एकच लॅपटॉप, सी ड्राइव्हची पट्टी लाल झालेली, आणि डाउनलोडमध्ये घरच्यांसोबत काका-मामांच्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्याही फाइली. सगळं सिलेक्ट करून एकदाच डिलीट मारू का, असं तुम्ही विचारलंय. भाऊ, तसं अजिबात करू नका. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र चालवतो, असले फोल्डर माझ्यासमोर रोज उघडतात.

पीडीएफ एकीकडे, फोटो दुसरीकडे, अशी वाटणी करत बसू नका. त्यानं फोल्डर दिसायला नीट होतो, पण काय ठेवायचं आणि काय काढायचं हे ठरत नाही. प्रत्येक फाइलीबद्दल एवढंच बघा: ही गेली तर परत मिळेल का, आणि मिळवायला काय काय लागेल? 'लागलं तर पुन्हा उतरवून घेऊ' हे आपल्याकडे दरवेळी जमत नाही. लाइन गेली की नेट जातं, आणि ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो मोबाइल बाबांसोबत वावरात असतो.

पहिल्या दिवशी फक्त जागा मोकळी करा. फोल्डर 'डिटेल्स' प्रकारात उघडा आणि 'साइज'वर क्लिक करा. विंडोज बहुतेक वेळा या फोल्डरचे तारखेनुसार गट पाडतं, त्यामुळे मोठ्या फाइली एका जागी दिसत नाहीत. रिकाम्या जागेवर राइट क्लिक करून 'ग्रुप बाय'मध्ये 'नन' करा, मग खऱ्या मोठ्या फाइली वर येतात. तिथं सिनेमे, उघडून झालेल्या झिप आणि सॉफ्टवेअरचे सेटअप सापडतील. हे शिफ्ट धरून बिनधास्त डिलीट करा, नाहीतर ते रिसायकल बिनमध्ये पडून जागा अडवूनच ठेवतात. अपवाद दोनच: प्रिंटरचा ड्रायव्हर आणि अंगठ्याच्या मशीनचा सेटअप. नेट नसताना मशीन बंद पडलं तर हेच कामी येतात. लग्नाचा व्हिडिओ असेल तर तो परत मिळणारा नाही, तो आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. एवढ्यानंच बहुतेकांची पट्टी लालची निळी होते. ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि जे दाबून जी यादी येते ती साफ करून मात्र जागा होत नाही. तिथलं 'क्लिअर ऑल' फक्त यादी पुसतं, फाइल जिथल्या तिथं राहते.

आता कागदपत्रं. इथं घाई करू नका. नावापुढे (1), (2), (3) दिसलं की लोक डुप्लिकेट समजून उडवतात, पण तेवढ्यावर भरवसा ठेवू नका. एकाच गटाचे तीन सातबारे उघडून पाहा: एकात आजोबांचं नाव, दुसऱ्यात वारसाचा फेरफार होऊन मुलांची नावं, तिसऱ्यात तीच नावं पण पीकपेऱ्यात सोयाबीनच्या जागी तूर. फाइलीचं नाव जवळपास एकच, कागद मात्र तीन. फेरफाराआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही ठेवा, वाटणीच्या किंवा कर्जाच्या वेळी जुना कागद मागतात. सारख्याच तारखेच्या, सारख्याच साइजच्या दोन प्रती असतील तर उघडून बघून एक काढा.

डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत पुन्हा काढता येतो, पण तो त्या दिवसाचा निघतो, मागच्या वर्षीचा नाही. अशा फाइलीबाबत आणखी एक गोष्ट फार लोकांच्या लक्षात येत नाही. सही त्या फाइलीतच असते. तुम्ही ती 'प्रिंट टू पीडीएफ' करून पुन्हा सेव्ह केली, किंवा एखाद्या साइटवर चार कागद जोडून एक पीडीएफ केली, तर कागद तसाच दिसतो पण सही तपासता येत नाही. म्हणून मूळ फाइलीला हात लावू नका, जोडाजोडी तिच्या कॉपीवर करा. पीक विम्याची पावती, अर्जाचा क्रमांक असलेलं पान, फी भरल्याची पावती हेही जपून ठेवण्यातलेच. योजना बदलली किंवा पोर्टल बदललं की जुनी पावती तिथं मिळेलच असं नाही.

दुसऱ्यांची कागदपत्रं हा मला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो. शेजारच्या काकूंचं आधार, कोणाचं पासबुक, कोणाचा पॅन, हे तुमच्याकडे राहायला नको. सायबर कॅफेसारख्या ठिकाणी आधार उतरवलं तर काम झाल्यावर प्रत कायमची काढून टाका, असं आधार प्राधिकरणच सांगतं. आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष. गावात ते कोणालाही माहीत असतं, त्यामुळे पासवर्ड आहे म्हणून निश्चिंत राहू नका. ज्याचा कागद त्याला व्हॉट्सॲपवर किंवा पेनड्राइव्हवर द्या, मिळाल्याची खात्री करा आणि शिफ्ट धरून डिलीट करा. शिफ्ट धरलं की फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही.

राहिलेल्या फाइली माणसागणिक लावा: आई, बाबा, मी, शेती. शेतीत गट क्रमांकाप्रमाणे एकेक फोल्डर पुरे. त्याहून खोल फोल्डर करू नका, सापडत नाहीत. नावात तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी घाला, जसं 2025-06-14 सातबारा. मग नावानुसार लावलं तरी क्रम बरोबर लागतो. काही पोर्टल देवनागरी नावाची फाइल घेत नाहीत, तिथं चढवायच्या कॉपीला इंग्रजी अक्षरांत छोटं नाव द्या.

पुन्हा साचू नये म्हणून ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'डाउनलोडआधी जागा विचारा' हे चालू करा. दरवेळी एक क्लिक जास्त लागतो, पण फाइल तेव्हाच तिच्या घरी जाते. डी ड्राइव्ह असेल तर डाउनलोड फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधल्या 'लोकेशन'मधून तो तिकडे हलवा. आधी डीमध्ये 'डाउनलोड' नावाचा नवा फोल्डर करा आणि तोच निवडा. नुसता डी निवडला तर अख्खा ड्राइव्हच डाउनलोड फोल्डर ठरतो आणि ते मागे फिरवायला त्रास होतो. विंडोजच्या 'स्टोरेज सेन्स'मध्ये डाउनलोडसमोर 'नेव्हर' आहे ना तेही बघा. दुसरं काही असेल तर बरेच दिवस न उघडलेल्या फाइली तो आपोआप काढतो, आणि फेरफाराआधीचा सातबारा कोणी रोज उघडत नाही.

हे सगळं झाल्यावर रिसायकल बिन आठवडाभर तरी रिकामी करू नका. घरातल्या सगळ्यांना विचारून घ्या, मगच करा. पेनड्राइव्हवरून डिलीट केलेली फाइल मात्र सहसा तिथं येत नाही, तेवढं ध्यानात ठेवा.