कार्बन टॅक्स कुठे टिकतो, कुठे उडतो?

प्रश्न : कॅनडानं कार्बन टॅक्स आणला आणि काढून पण टाकला, ऑस्ट्रेलियानं तर दोन वर्षांत गुंडाळला. मग स्वीडनमध्ये तो इतकी वर्षं कसा काय टिकलाय? तिथले लोक वेगळ्या मातीचे आहेत का? आणि युरोपात कार्बन ट्रेडिंग म्हणतात ते म्हणजे हाच टॅक्स का?

उत्तर : ट्रेडिंगचं आधी उरकून घेऊ. टॅक्स असेल तर हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या (पुढे त्यालाच मी धूर म्हणतोय) टनामागे किती पैसे ते सरकार ठरवतं आणि धूर किती कमी होतोय ते बघत बसावं लागतं, ट्रेडिंगमध्ये उलटं, एकूण धूर किती सोडायचा याची मर्यादा सरकार ठरवतं, तेवढेच परवाने काढतं आणि त्यांचा भाव बाजारात ठरतो. युरोपात खरं तर आधी टॅक्सचाच विचार होता, १९९२ मध्ये तसा प्रस्तावही आला, पण युरोपियन युनियनमध्ये करासाठी सगळ्या देशांचं एकमत लागतं आणि ते काही जमलं नाही, ट्रेडिंगला मात्र बहुमत पुरलं, म्हणून २००५ पासून ते सुरू झालं. (अर्थतज्ज्ञ बसले टॅक्स बरा की ट्रेडिंग यावर वाद घालत, निकाल लावला मतदानाच्या नियमानं!) सुरुवातीला परवाने इतके वाटून ठेवले की २००७ मध्ये भाव जवळजवळ शून्यावर आला, मग नियम आवळत आवळत फेब्रुवारी २०२३ मध्ये तो टनाला १०० युरोच्या वर गेला.

आता स्वीडन. मातीबितीचं काही नाही हो. पहिला कार्बन टॅक्स फिनलंडचा, १९९० चा, स्वीडननं पुढच्या वर्षी टनाला २५० क्रोनांनी सुरुवात केली आणि त्याच सुमाराला इन्कम टॅक्स चांगलाच कमी केला, इंधनावरचा जुना एनर्जी टॅक्सही उतरवला, त्यामुळे एकदम खिशाला चाट बसली असं झालं नाही. कारखान्यांना बरीच वर्षं कमी दर होता. मग हळूहळू दर वाढत हजार क्रोनांच्या पुढे गेला, पण तोवर कितीतरी शहरांत घरं तापवायला तेलाऐवजी लाकडाच्या भुश्यावर वगैरे चालणारी सामायिक व्यवस्था होती, म्हणजे टॅक्स टाळायचा तर लोकांपुढे दुसरा रस्ता होता.

ऑस्ट्रेलियानंही इन्कम टॅक्स कमी केला होता बरं का. जुलै २०१२ मध्ये टनाला २३ डॉलर लावले आणि करमुक्त उत्पन्नाची मर्यादा ६,००० वरून १८,२०० डॉलर केली, पण त्याचं श्रेय कुणी दिलंच नाही. तेव्हाच्या पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी निवडणुकीआधी कार्बन टॅक्स आणणार नाही असं सांगितलेलं होतं, विरोधकांनी तेच धरून ठेवलं, २०१३ ला त्यांचे नेते टोनी अ‍ॅबट निवडून आले आणि जुलै २०१४ मध्ये कायदा रद्द.

कॅनडाची गोष्ट मला जास्त चटका लावणारी वाटते. २०१९ ला २० डॉलरनं सुरुवात, गोळा झालेल्यातला बहुतेक पैसा कुटुंबांना परत, पण पहिली काही वर्षं तो इन्कम टॅक्सच्या हिशोबातच वळता व्हायचा, तिमाही हप्ते २०२२ पासून सुरू झाले. पेट्रोल भरताना टॅक्स दरवेळी दिसतो, परतावा मात्र कुठेतरी खात्यात येऊन पडतो, कुणाच्या लक्षात राहणार? १ एप्रिल २०२५ पासून मार्क कार्नी सरकारनं सामान्य ग्राहकांवरचा दर शून्य केला. पण तुम्ही लिहिलंय तसं सगळं काढलेलं नाही, मोठ्या उद्योगांवरचं कार्बन मूल्य चालूच आहे.

म्हणून माझं मत असं की नुसता परतावा पुरत नाही, दर वाढायच्या आत लोकांच्या हाती पर्याय हवा आणि मोठ्या पक्षांचं निदान भांडण तरी नको. फ्रान्सनं पर्याय न देता इंधनावरचा दर वाढवत नेला, २०१८ च्या शेवटी पिवळी जॅकेटं घालून लोक रस्त्यावर उतरले, आणि पुढची वाढ तिथंच थांबली.

प्रश्न : एवढा विरोध होतो तर नवे देश यात पडतातच कशाला?

उत्तर : पैसा आणि शेजाऱ्यांचा दबाव, दुसरं काय! वर्ल्ड बँकेच्या २०२५ च्या अहवालात जगभरात अशा ८० योजना मोजल्यात, जगातल्या साधारण २८ टक्के उत्सर्जनावर, आणि त्यांतून वर्षाला १०० अब्ज डॉलरच्या वर पैसा सरकारांकडे येतो. त्यात युरोपनं सीबॅम आणलं, म्हणजे बाहेरून येणारं स्टील, सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम वगैरेंवर सीमेवरच कार्बनचे पैसे, २०२६ पासून प्रत्यक्ष लागू. पण मूळ देशात आधीच पैसे भरले असतील तर ते वजा होतात, मग कुठलंही सरकार म्हणणार, युरोपच्या तिजोरीत कशाला, आपल्याच घेऊ. चीननं २०२१ ला वीज कंपन्यांपासून सुरुवात केली आणि नंतर स्टील, सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम आत घेतलं, फक्त तिथं एकूण धुरावर मर्यादा नव्हती, दर युनिट उत्पादनामागे किती धूर यावर मोजणी होती. भारताची योजनाही त्याच वाटेची आहे. कारखाना वाढत असेल तर त्याचा एकूण धूर वाढला तरी तो नियमात बसू शकतो, आणि नेमकं म्हणूनच वाढणाऱ्या देशांना ही पद्धत पटते.