वाचकांचे प्रश्न : दुर्मीळ कर्करोग आणि फोनवरची पहिली चौकशी

प्रश्न : मिस्टरांच्या मांडीतली गाठ चरबीची समजून नाशिकला काढली. रिपोर्टमध्ये ‘मिक्सॉइड लायपोसार्कोमा’ आलं. डॉक्टर म्हणतात, मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात आधी फोन करा. फोनवर काय सांगायचं?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : ताई, या फोनवर निदान होत नाही आणि उपचारही ठरत नाहीत. पेशंट कोणत्या विभागाचा, घाई किती आणि येताना काय आणायचं, एवढंच ठरतं. म्हणून ‘मांडीत गाठ होती’ अशी सुरुवात करू नका. तेवढ्यावर जनरल सर्जरीची वेळ मिळते आणि एक फेरी फुकट जाते. हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्टमधली (काढलेल्या गाठीच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीचा रिपोर्ट) निदानाची ओळ जशीच्या तशी वाचून दाखवा. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये सार्कोमासाठी, म्हणजे हाड, स्नायू, चरबी अशा भागांतल्या कर्करोगासाठी, ‘बोन अँड सॉफ्ट टिश्यू’ असं वेगळं पथक आहे. नोंद तिथेच व्हायला हवी.

पुढचे प्रश्न ठरलेले असतात. गाठ किती सेंटिमीटरची होती, खोल स्नायूत होती की कातडीखाली, अखंड निघाली की तुकड्यांत, काढलेल्या भागाच्या कडा कर्करोगापासून मोकळ्या आहेत का, ड्रेनची (जखमेत साचणारं पाणी बाहेर काढणारी) नळी कुठून काढली होती. ऑपरेशन नोट आणि हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट दोन्ही हातात असतील तरच हे सांगता येतं. डिस्चार्ज कार्डावर बहुधा नसतं. नळीचं भोक जखमेपासून लांब असेल तर ते जरूर सांगा, कारण पुन्हा ऑपरेशन झालं तर तो भागही काढावा लागू शकतो.

खरा उशीर अपॉइंटमेंटमुळे कमी आणि ब्लॉकमुळे, म्हणजे लॅबने मेणात बसवून ठेवलेल्या गाठीच्या तुकड्यामुळे, जास्त होतो. सार्कोमाचे प्रकार पुष्कळ आणि दिसायला सारखे, त्यामुळे तिथले पॅथॉलॉजिस्ट नमुना स्वतः पुन्हा तपासतात. नुसत्या रिपोर्टवर पुढचं पाऊल टाकत नाहीत. फोन झाला त्याच दिवशी लॅबकडे लेखी अर्ज देऊन पॅराफिन ब्लॉक आणि स्लाइड मागा. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी तिथेच, काउंटरवरच जुळवून पाहा. फॉर्मॅलिनच्या डबीतला उरलेला तुकडा म्हणजे ब्लॉक नव्हे. ब्लॉक मेणाचे असतात. कसारा घाटाच्या प्रवासात उन्हात तापलेल्या गाडीत ठेवून जेवायला उतरू नका. स्लाइड कडक डबीतच न्या. एमआरआयची फिल्म व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाही, सेंटरकडून डायकॉम (मूळ डिजिटल) फाइलची सीडी घ्या. ऑपरेशनच्या आधीचा एमआरआय झाला असेल तर तोच सर्वांत मोलाचा.

फोन ठेवण्याआधी केस नंबर, बोलणाऱ्याचं नाव आणि उलट फोन कधी येईल हे लिहून घ्या. त्या वेळेत आला नाही तर आपणच लावा.

प्रश्न : वडिलांना जठराचा जिस्ट (पचनमार्गाच्या भिंतीतला एक दुर्मीळ कर्करोग) आहे. फोनवर नोंद झाली, वेळ पुढच्या आठवड्यातली. दोन दिवस शौचास डांबरासारखी काळी होते, चक्करही येते. थांबावं का?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : अजिबात थांबू नका. जिस्ट जठराच्या भिंतीत वाढतो आणि आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण चक्कर असताना तो अंदाज घरी बांधायचा नाही. १०८ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात आत्ताच न्या. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पोहोचल्या पोहोचल्या सांगा. मुंबईचा केस नंबर तिथल्या डॉक्टरांना द्या, म्हणजे ते परस्पर बोलू शकतील. दम लागणं, केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, अचानक पायातलं बळ जाणं किंवा लघवी अडणं, यांसाठीही हेच करायचं.