कोंबडीच्या पिल्लाच्या पायांतील जोर अचानक गेल्यास

काल संध्याकाळपर्यंत धावणारे दहा दिवसांचे पिल्लू आज उठत नसेल, तर औषध शोधण्यापूर्वी त्याला हातात घेऊन पायांची बोटे नीट पाहावीत. बोटे मुठीसारखी आत वळली असतील आणि पिल्लू घोट्यांवर बसून सरकत असेल, तर बहुधा ब-२ जीवनसत्त्वाची कमतरता असते. नुसत्या तांदळाच्या कणीवर वाढवलेल्या पिल्लांत ती उद्भवू शकते. अशा वेळी पशुवैद्यकाला विचारून बी-कॉम्प्लेक्सचे थेंब पाण्यातून द्यावेत आणि स्टार्टर खाद्य (लहान पिल्लांसाठीचे तयार खाद्य) सुरू करावे. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे खाद्य मात्र पिल्लांना घालू नये, कारण त्यातील जादा कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही.

बोटे सरळ असून पाय दोन्ही बाजूंना फाकत असतील, तर दोष बहुतेक वेळा खाली अंथरलेल्या गुळगुळीत वर्तमानपत्राचा असतो. कागद काढून भाताचे तूस पसरावे.

काहीही असले तरी पिल्लू वेगळे ठेवावे, कारण इतर पिल्ले त्याला तुडवतात आणि टोचतात. त्याला ऊब द्यावी आणि पाणी घशात न ओतता चोचीच्या कडेला थेंब लावून पाजावे. मान वाकडी होत असेल, विष्ठा हिरवट पातळ असेल किंवा दुसरेही पिल्लू बसले असेल, तर राणीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगाची शंका घेऊन त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.